गेममुळे कॉम्प्युटर बिघडतो, असं मी सांगितलं होतं

गेम खेळल्याने कॉम्प्युटर बिघडतो, हे वाक्य तुम्ही कधी ना कधी ऐकलेलं असणार. वडिलांनी सांगितलं असेल, नाहीतर तुम्हीच वडील होऊन पोरांना सांगितलं असेल. जगात ते पहिल्यांदा कोण बोललं, मला ठाऊक नाही. पण कल्याणमध्ये ते मी सोडलं, आणि मोकळी सोडलेली म्हैस गावभर हिंडून गोठ्यात परत यावी, तसं काही महिन्यांनी उल्हासनगरच्या एका गिऱ्हाइकाच्या तोंडून माझ्याकडेच परत आलं. "तुम्ही लाइनमधले आहात म्हणून सांगतो," ते गृहस्थ मला म्हणाले, "गेम टाकू नका हं. बिघडतो." मी मान डोलावली.

मान डोलावणं हा माझा स्वभाव. बायको म्हणते, यांच्या तोंडातून शब्द काढायचा तर पक्कड लागते. आज पक्कड न लावता सांगतोय, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

नव्वदीच्या मध्यावर मी डोंबिवलीत मोहनशेठच्या दुकानात कॉम्प्युटर जोडायचो. शेठ आधी मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करायचे. वारा कुठून येतोय ते त्यांना आधी कळायचं. एका दिवाळीत इस्त्र्या माळ्यावर गेल्या आणि फळीवर मॉनिटर आले. मी मिक्सरपासून त्यांच्याकडे होतो, त्यामुळे मीही इंजिनिअर झालो. तेव्हा कंपनीचा कॉम्प्युटर घेणारी माणसं वेगळी. आपल्याकडे सगळे असेंबल्ड घ्यायचे, म्हणजे डबा एकाचा, मेंदू दुसऱ्याचा, पडदा तिसऱ्याचा आणि जोडणारा मी.

गिऱ्हाईक मधल्या भावातलं. फार स्वस्त नको, टिकणार नाही. फार महाग नको, झेपणार नाही. आणि त्या मधल्या भावात सगळं व्हायला हवं. मुलाचा अभ्यास, बाबांचं ऑफिस, आईची भिशी. गेम हा शब्द मात्र कोणी काढायचा नाही. बैठकीत हुंड्याचा शब्द काढत नाहीत, तसा. तो असायचा सगळ्यांच्या मनात. एक हेडमास्तर मुलाला घेऊन आले आणि माझ्याकडून एकूण एक गेम पुसून घेतले, पत्त्यांचासुद्धा. दोन दिवसांनी एकटेच आले. दुकान रिकामं होईपर्यंत की-बोर्ड चाचपत बसले आणि मग हळूच म्हणाले, "ते पत्त्यांचं तेवढं परत घालता येईल का? बोटांना व्यायाम होतो."

त्या काळी डब्याच्या तोंडावर लाल आकडे पेटायचे. मशीनचा वेग म्हणे. तीस वर्षांनी फोडतो गुपित: तो आकडा काही मोजत नसे. आत बारीक टोप्या असायच्या, त्या ज्या पिनांवर बसवाल तो आकडा बाहेर दिसायचा. घड्याळाचं चित्र काढून काटे आपणच रंगवावेत, तसं. नौपाड्यातले एक बँकेतले अधिकारी तणतणत आले, की शेजाऱ्याचा आकडा शंभर आणि आमचा सहासष्ट, असं कसं? शेठनी माझ्याकडे बघितलं. मी चिमट्याने टोप्या हलवल्या, शंभर केले. पुढच्या आठवड्यात ते पेढे घेऊन आले. "आता बघा कसा पळतोय," म्हणाले. पेढे चांगले होते.

मधल्या भावात बसवायचं तर कुठेतरी कात्री लागायची, आणि बहुतेक वेळा ती आवाजावर लागायची. साउंड कार्ड काढलं की भाव उतरायचा आणि पत्र लिहायला आवाज कशाला लागतो? कोलशेतला एका कोळी घरात असंच मुकं मशीन दिलेलं. मुलगा राक्षस मारत होता, चिडीचूप. त्याची आजी दारात जाळं विणत बसलेली. ती मला म्हणाली, "काय रं, यो टीवी निसता हातवारे करतंय, बोलत का नाय?" तिने एका वाक्यात आमचा सगळा मधला भाव उघडा पाडला. मी परत गेलो आणि शेठना न विचारता एक जुनं कार्ड आणून बसवलं. हे मी मुद्दाम सांगतोय. पुढे जे सांगणार आहे त्यानंतर माझ्याबद्दल चांगलं सांगायला फारसं उरणार नाही.

तर मशीन चांगलं की वाईट ते ओळखायचं कसं? लोक आकडे बघतात. मी गेम लावायचो. टायपिंग करताना प्रोसेसर, म्हणजे मशीनचा मेंदू, बहुतेक वेळ नुसता बसलेला असतो. तुम्ही एक अक्षर दाबता, तो ते दाखवतो आणि पुढच्या अक्षराची वाट बघतो. सरकारी कचेरीसारखं. पत्त्यांचा खेळही तसाच, तुम्ही पत्ता उचलेपर्यंत तो जांभया देतो. पण गाड्यांची शर्यत लावा. रस्ता, झाडं, समोरून येणारी गाडी, सगळं सेकंदाला कितीदा तरी नव्याने काढायचं. तिथे मेंदूला घाम फुटतो. अर्धा तास शर्यत चालू ठेवायची आणि डब्यावर तळवा ठेवून बसायचं. खोटा माल असला तर आधी तळव्याला कळतं, मग पडदा थिजतो. त्यामुळे शेठच्या दुकानात पगार घेऊन गेम खेळणारा मी एकटाच होतो. आमच्या वडिलांना शेवटपर्यंत पटलं नाही, की हे काम आहे.

खोटा माल म्हणजे काय, तेही सांगतो. कमी वेगाचा प्रोसेसर घ्यायचा, वरचा छापा घासायचा, जास्त वेगाचा छापा मारायचा आणि तेवढ्या वेगाने पळवायचा. पळतो तो. थंडीत, सकाळी, बेताचं काम असलं तर झकास पळतो.

एका दसऱ्याच्या तोंडावर मुंबईच्या घाऊक बाजारातून आलेल्या मालात असा एक निघाला. दसऱ्याला मशीन घरी हवं, हा आपल्याकडचा हट्ट. नंतर कितीही दिवस बंद राहिलं तरी चालेल, पण मुहूर्ताला फुलं पडली पाहिजेत. सगळी मशीनं ठरलेली होती. मी एकेकाला शर्यत लावत होतो आणि एक थिजलं. बंद करून पुन्हा लावलं, पुन्हा थिजलं. शेठना सांगितलं. बदली माल सण झाल्याशिवाय येणार नव्हता. शेठ चहा बशीत ओतत म्हणाले, "दिलीप, टायपिंगला चालतंय ना?"

"चालतंय."

"मग गेम न खेळणारं गिऱ्हाईक बघ."

एवढंच. त्यात मला तेव्हा पाप दिसलं नाही, हुशारी दिसली. भाकरीची करपलेली बाजू खाली ठेवून वाढावी, तसं.

गेम न खेळणारं गिऱ्हाईक ठरलेलंच होतं. कल्याणच्या शोभाताई गायकवाड. मराठी टायपिंगची परीक्षा पास झालेल्या, कोर्टाबाहेर एका वकिलाकडे टाइपरायटरवर बोटं झिजवलेल्या. आता घरीच पत्रिका, अर्ज, अहवाल छापून द्यायचं ठरवलेलं. एका पतपेढीचा वार्षिक अहवाल त्यांना कबूल झाला होता. तो नीट केला तर दरवर्षी मिळणार होता, आणि त्याच भरवशावर त्यांनी वकिलाची नोकरी सोडली होती.

मशीन बघायला त्या नवऱ्याला घेऊन आल्या. गायकवाडभाऊ खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक. ताई मला फॉन्टबद्दल विचारत होत्या आणि भाऊ शेजारच्या मशीनवर लावलेली शर्यत बघत होते. बघता बघता त्यांचे हात वर आले आणि हवेत स्टिअरिंग धरल्यासारखे वळायला लागले. ताई हसल्या. मला म्हणाल्या, यांनी आयुष्यभर गाड्या दुरुस्त केल्या, पण फाटकाबाहेर एकही नेली नाही. ड्रायव्हरचं काम ड्रायव्हर करणार. मग सहज म्हणाल्या, "हे यात पण टाकून द्या की. माझं काम झालं की हे खेळतील."

शेठ गल्ल्यावरून माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "ताई, धंद्याच्या मशीनवर गेम नको. गेममुळे कॉम्प्युटर बिघडतो."

भाऊंचे हात खाली आले.

दसऱ्याला मी मशीन घेऊन त्यांच्या घरी गेलो. बाकी घरांत नारळ फुटायचा आणि हळदीकुंकू की-बोर्डमध्ये सांडायचं, जे मी पुढे वर्षभर ब्रशने काढत बसायचो. इथे बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लागली, ताईंनी हात जोडले आणि बटण दाबलं. त्याआधी दुकानातच मी त्या मशीनमधले सगळे गेम पुसले होते. पत्ते तेवढे ठेवले. पत्त्यांची भीती नव्हती.

पुढे जे झालं ते तुमच्या लक्षात आलं असेल. एक दिवस दुकानात ताईंचा फोन आला. आवाज असा, की मी हातातलं काम टाकून कल्याणला गेलो.

अहवाल जवळजवळ पुरा झाला होता. ताई भाजी आणायला गेल्या, परत येऊन बघतात तर मशीन बंद, आणि चालू केल्यावर अहवालाच्या जागी चौकोन आणि टिंबं. भाऊ खिडकीशी उभे. त्यांनी कबूल केलं होतं, की गेम खेळत होतो, मशीन थिजलं, घाबरून प्लग ओढला. मशीन काहीतरी लिहीत असताना प्लग ओढला की असं होतं, फायलीचा पार चिवडा.

"पत्ते होते," भाऊ म्हणाले. "नुसते पत्ते खेळत होतो."

ताईंनी मला विचारलं, "पत्त्यांनी होतं असं?"

आता बघा. मी पडद्यासमोर बसलो होतो. डिस्कवर काय काय आहे याची यादी माझ्यासमोर होती आणि तीत शर्यत होती. डेपोतल्या कोणाकडून तरी फ्लॉपीवर आणून भाऊंनी घातलेली. पत्त्यांनी ते मशीन सात जन्मांत थिजलं नसतं. पण तसं म्हटलं, की पुढचा प्रश्न येणार: मग शर्यतीनेच का थिजतं? दुकानातलं मशीन तर शर्यतीने थिजत नव्हतं. मी यादीतली शर्यत पुसली, ताईंच्या डोळ्यांदेखत, त्यांना न कळता, आणि म्हणालो, "गेम तो गेम, ताई. पत्ते काय अन् काय."

ताईंनी नवऱ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर मी मशीनसोबत फुकट दिलेली होती.

पतपेढीला तारीख पाळायची होती. काम ठाण्याच्या एका प्रेसला गेलं आणि तिथेच राहिलं. मी मशीन 'व्हायरस काढायला' म्हणून दुकानात आणलं, शेठची कटकट ऐकत प्रोसेसर बदलला आणि परत नेऊन दिलं. आता ते अस्सल होतं, त्यावर दिवसरात्र शर्यत चालली असती. पण भाऊंनी की-बोर्डला परत हात लावायचा नाही, असं ठरलं होतं. ताईंनी मशीनला प्लॅस्टिकचं कव्हर शिवलं होतं आणि ते नाडीने बांधलं होतं. येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगायच्या, की गेम टाकू नका, आमचं काय झालं ऐका. उल्हासनगरपर्यंत वाक्य गेलं ते असं.

याहून वाईट एक गोष्ट झाली. भाऊ माझे ऋणी झाले.

त्या दिवशी मी शर्यत पुसताना त्यांनी बघितलं होतं. त्यांना वाटलं, या माणसाने आपली लाज राखली. बायकोसमोर उघडं पाडलं नाही. त्यानंतर खोपटहून सुटताना ते वाट वाकडी करून दुकानात यायचे. बुद्धपौर्णिमेला डब्यात खीर आणायचे. शेठच्या स्कूटरचा कार्बोरेटर त्यांनी दोनदा फुकट साफ करून दिला. "तुमच्यासारखा माणूस नाही," म्हणायचे, आणि मी मान डोलवायचो. ती खीर मी कशी खायचो, मला विचारू नका. चांगली असायची, हेच वाईट होतं.

दुकान पुढे बंद झालं. शेठ गेले. मी आता सोसायट्यांमध्ये कॅमेरे बसवतो, लोकांनी काय काय केलं ते टिपून ठेवायचं काम. शोभाताईंनी अहवालाशिवायही धंदा उभा केला. पत्रिका, फ्लेक्स, झेरॉक्स, कल्याणात गाळा आहे. मला त्या अजून दसऱ्याला फोन करतात.

यंदा केला तो वेगळ्या कामासाठी. नातीला लॅपटॉप घेतला होता, मधल्या भावातला. दुकानदार म्हणतो की नाही चालला तर आठवड्यात बदलून देतो, तर तुम्ही एकदा बघून पास करा. मी गेलो. नात कॉलेजला होती. लॅपटॉप मेजावर, शेजारी भाऊ, आता निवृत्त, केस पांढरे, मला बघून उठून उभे राहिले. मला ते उठणं अजून आवडत नाही.

ताई म्हणाल्या, "कॉलेजचं काम आणि गेम, दोन्ही चालेल असा हवा म्हणते. मी सांगितलं, या घरात गेम नाही. तर आजीला काय कळतं, म्हणते. तुम्ही थांबा ती येईपर्यंत. तुम्हीच सांगा तिला ते. तुमचं ऐकेल."

भाऊ मान हलवत म्हणाले, "हो, सांगा साहेब. आम्ही भोगलंय."

पहिल्यांदा बोललो तेव्हा शेठ बघत होते, म्हणून बोललो. आता कोण बघत होतं? कोणीच नाही. तरी तोंड उघडलं तेव्हा तेच वाक्य आधी जिभेवर आलं. एवढी वर्षं घोटलेलं. ते गिळलं आणि म्हटलं, "ताई, गेममुळे कॉम्प्युटर बिघडत नाही. तुमचा बिघडलेलाच होता. मला माहीत होतं, आणि मी तो तुम्हाला दिला."

मग सगळं सांगितलं. छापा घासलेला प्रोसेसर, शेठचा चहा, गेम न खेळणारं गिऱ्हाईक. माझ्या आयुष्यात मी सलग इतकं बोललो नव्हतो. भाऊ मेकॅनिक, त्यांना आधी समजलं. म्हणाले, "म्हणजे रिबोअर केलेलं इंजिन नवीन म्हणून दिलंत." मी म्हटलं, हो. "आणि घाट लागला की बसणार, हे माहीत होतं." म्हटलं, हो. ते खुर्चीत मागे टेकले. मग हळूहळू त्यांचा चेहरा उजळत गेला. बायकोकडे वळून म्हणाले, "बघ. मी सांगत होतो. माझी चूक नव्हती."

ताईंचं तसं नव्हतं. त्या टायपिस्ट. मजकूर पुन्हा वाचल्याशिवाय पुढे जात नाहीत. मग मला म्हणाल्या, "घाट लागला की बसणार. म्हणजे मोठा गेम लावला की. मग पत्त्यांनी कसं थिजलं?"

भाऊ माझ्याकडे बघत होते. डोळ्यांनी सांगत होते, मागे राखलीत तशी आज एकदा राखा. आणि खरं सांगतो, राखावीशी वाटली. पण खोटं न बोलण्याचा माझा तो पहिलाच दिवस होता, आणि पहिल्याच दिवशी सुट्टी घेणं बरं दिसलं नसतं.

"नाही ताई," मी म्हटलं. "पत्त्यांनी नाही थिजत."

ताई माझ्याकडून नवऱ्याकडे वळल्या.

"शर्यत?" ताईंनी नवऱ्याला विचारलं.

भाऊ मेजाकडे बघत म्हणाले, "एकदाच." मग माझ्याकडे वळून, रागाने नाही, दमल्यासारखं, "साहेब, एवढी वर्षं मी खीर कशाची आणत होतो?"

मी उठायला लागलो. ताई म्हणाल्या, "बसा. कुठे चाललात? काम राहिलंय." आत गेल्या. भांडी नेहमीपेक्षा जोरात वाजली. मी मुकाट्याने लॅपटॉप उघडला, एक शर्यतीचा गेम उतरवून घेतला आणि चालू केला. ताई चहा घेऊन आल्या. तीन कप. माझ्यासमोरचा कप ठेवताना बशीत सांडला आणि त्यांनी तो पुसला नाही.

"हा कसा तपासतात म्हणालात?"

मी सांगितलं. अर्धा तास शर्यत चालवायची आणि खाली तळवा धरायचा.

"मग तुम्ही सरका तिथून." आणि नवऱ्याला, "तुम्ही बसा. चालवा."

भाऊ बसेनात. की-बोर्डकडे असं बघत होते, जसा काही त्यातून शॉक बसेल. ताईंनी त्यांचा हात धरून बटणांवर ठेवला. मी बाण दाखवले, हा डावीकडे, हा उजवीकडे. गाडी निघाली. फाटकातून बाहेर पडली आणि पहिल्याच वळणावर सरळ भिंतीत गेली.

"डेपोवाले बाहेर का सोडत नव्हते, ते कळलं," ताई म्हणाल्या.

भाऊ खो खो हसले. मग मान पुढे काढून, दात दाबून, त्यांनी अर्धा तास जी गाडी हाणली! मी लॅपटॉपखाली तळवा धरून बसलो होतो. कोमट झाला, जास्त नाही. पंखा वेळेवर लागला. पडदा कुठे अडकला नाही. मधल्या भावात याहून बरा मिळत नाही. मी म्हटलं, "पास. घ्या बिनधास्त."

ताईंनी माझ्याकडे बघितलं नाही. लॅपटॉप एका बाजूने जरा उचलला, स्वतःचा तळवा खाली सरकवला, आणि म्हणाल्या, "अहो, अजून एक फेरी मारा."